वायरबुश : एक जर्मन खेडे आणि त्याचा मुलूख

जर्मनीविषयी आपल्या व्यासपीठांवरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. कांट आणि हेगेल यांचे तत्त्वज्ञान, मॅक्सम्युलरचे वेदसंशोधन, बिस्मार्कचे राजकारण, हिटलरचा उत्पात आणि दोन महायुद्धांनी केलेली राखरांगोळी हे विषय श्रोत्यांना नवे नाहीत. परंतु कोणताही देश जितका राजधानीत असतो, तितकाच खेड्यातही असतो. बर्लिनमध्ये काय ठरले हे वर्तमानपत्रे सांगतात. पण गावच्या रस्त्याचा खड्डा कोणी बुजवायचा, स्मशानभूमीची देखरेख कोणी करायची, दुष्काळात पीठ कोणी वाटायचे, हे जेथे ठरते ती जागा बहुधा आपल्या नजरेआड राहते. म्हणून आज जर्मनीतील एक लहानसे खेडे आणि त्याच्या भोवतीचा मुलूख यांची ओळख करून घेण्याचे योजले आहे. त्या गावाचे नाव वायरबुश.

नकाशावर हे गाव शोधायचे तर प्रथम ऱ्हाईन नदी शोधावी. तिच्या काठचे कोलोन शहर सापडले, की तेथून पूर्व-आग्नेयेस, सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आसपास वायरबुश लागते. लोकवस्ती हजार-दीड हजारांच्या दरम्यान. म्हणजे आपल्याकडचे एखादे मध्यम खेडे. हा भाग वेस्टरवाल्ड या डोंगराळ प्रदेशात मोडतो. पश्चिमेस ऱ्हाईन, उत्तरेस झीग, दक्षिणेस लान आणि पूर्वेस डिल अशा चार नद्यांनी हा प्रदेश वेढलेला आहे. डोंगर म्हटले म्हणून सह्याद्रीसारखे उभे कडे डोळ्यांपुढे आणू नयेत. येथील सर्वांत उंच माथा, फुक्सकाउटे, अवघा ६५७ मीटरचा. लाटांप्रमाणे वर-खाली जाणारी माळराने, मधून मधून झाडी, दऱ्यांतून वाहणारे ओढे आणि वर्षातील बराच काळ अंगावर येणारा गार, ओला वारा, असे या मुलखाचे रूप आहे.

जमीन हलकी. पाषाण बहुतेक पाटीच्या दगडाचा. काही भागात आपल्या दख्खनसारखाच काळा बेसाल्टही आहे. राय, ओट आणि बटाटा ही येथील जुनी पिके. त्यात वडिलांची जमीन सर्व मुलांत वाटून देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. चार पिढ्यांत शेताचे तुकडे किती होतात, हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना निराळे सांगण्याचे कारण नाही. तेव्हा शेतीला जोडधंदा हवाच. दक्षिणेकडे उत्तम प्रतीची माती सापडते, तेथे कुंभारकाम वाढले. तो भाग आजही कुंभारांचा मुलूख म्हणूनच ओळखला जातो. उत्तरेस झीग नदीच्या खोऱ्यात लोखंडाच्या खाणी होत्या. वायरबुशच्याच टापूतील विलरोट गावची गेओर्ग खाण १९६५ साली बंद पडली आणि शेकडो वर्षांचा तो धंदा संपला. खाणीचा उंच मनोरा मात्र कोलोन-फ्रांकफुर्ट मोटाररस्त्यालगत अजून उभा आहे.

या मुलखातील एक जुनी चाल मुद्दाम सांगण्याजोगी आहे. आल्टेनकिर्खेन जिल्ह्याच्या पूर्व भागात आणि शेजारच्या झीगरलांडात ओक व बर्च झाडांची राने गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची असत. त्यांना ‘हाउबेर्ग’ म्हणत. रानाचे सोळा ते वीस पट्टे पाडीत आणि दरसाल एकच पट्टा तोडीत. ओकची साल कातडी कमावणाऱ्यांकडे जाई, लाकडाचा कोळसा लोखंडाच्या भट्ट्यांकडे जाई, मोकळ्या झालेल्या जमिनीत एकदा राय पेरली जाई, आणि खोडांना पुन्हा धुमारे फुटून ते वाढले की गुरे चरायला सोडीत. पट्ट्यांचे चक्र पुरे होईपर्यंत पहिला पट्टा पुन्हा तोडणीस येई. कोणाचा वाटा किती, तोड कधी, गुरे कधी, याचे नियम ठरलेले असत. म्हणजे सामाईक मालमत्ता शिस्तीने राखता येते, याचा अनुभव या प्रदेशाच्या अंगवळणी पडलेला होता. पुढे जे घडले ते समजण्यास ही गोष्ट उपयोगी पडेल.

१८१५ साली व्हिएन्नाच्या तहात हा मुलूख प्रशियाच्या राज्यात आला. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात जावा बेटाच्या पूर्वेकडील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. त्याची राख वातावरणात पसरून पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा पडलाच नाही. पिके बुडाली आणि १८१६-१७ साली ऱ्हाईनच्या परिसरात दुष्काळ पडला. या दुष्काळाच्या मागोमाग, ३० मार्च १८१८ रोजी, झीगकाठच्या हाम या गावी फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म झाला. सहकाराच्या पुस्तकांतून हे नाव आपण ऐकलेले असते. पण त्या नावामागे कोणता मुलूख उभा आहे हे क्वचितच सांगितले जाते.

रायफायझन हे नऊ भावंडांपैकी सातवे. वडील लहानपणीच गेले; शिक्षण गावच्या धर्मोपदेशकाच्या हाताखाली झाले. सतराव्या वर्षी ते तोफखान्यात शिरले. लष्करात बढतीची आशा होती, परंतु डोळ्यांच्या विकाराने ती वाट १८४३ साली बंद केली आणि ते मुलकी नोकरीत आले. १८४५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, सरकारने त्यांना वायरबुशचा ‘ब्युर्गरमाइस्टर’ नेमले.

या शब्दाचे भाषांतर आपण ‘नगराध्यक्ष’ असे करतो. पण येथे ते फसवे ठरेल. त्या काळच्या ऱ्हाईन प्रांतात प्रत्येक खेड्याला आपला मुखिया असे. अशा अनेक खेड्यांचा एक गट करून त्यावर सरकार एक ब्युर्गरमाइस्टर नेमी. तो लोकांनी निवडलेला नसे. आपल्या जुन्या व्यवस्थेत पाटील आणि मामलेदार यांच्या मधली एखादी जागा कल्पिली, तर ती साधारण याच्या जवळ जाईल. कर, शाळा, रस्ते, सैन्यभरती, गरिबांची तरतूद अशी सर्व कामे त्याच्या टेबलावर येत. वायरबुशला या तरुण अधिकाऱ्यापुढे पहिलेच मोठे काम आले ते भुकेचे.

१८४५ पासून युरोपभर बटाट्यावर रोग पडू लागला. आयर्लंडमधील हाहाकार सर्वांना ठाऊक आहे. १८४६ साली वेस्टरवाल्डात धान्याचे पीकही गेले आणि १८४६-४७ चा हिवाळा उपासमारीचा आला. सरकारने पीठ पाठविले, पण ते रोख पैसे घेऊनच विकावे अशी अट होती. ज्याच्या घरात पैसाच नाही त्याला रोखीचे पीठ म्हणजे भिंतीवर रंगविलेली भाकर! रायफायझन यांनी ते पीठ उधारीवर वाटले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी गावातील खाऊन-पिऊन सुखी माणसांना एकत्र करून पैसा उभा केला, पीठ खरेदी केले आणि सार्वजनिक भट्टी बांधून तेथे पाव भाजण्याची व्यवस्था केली. बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्त दराने, आणि तोही पुढे सवडीने पैसे देण्याच्या बोलीवर, हा पाव गरजूंना मिळू लागला. या संस्थेला ‘ब्रोटफेराइन’, म्हणजे पावमंडळ, असे नाव पडले. हिवाळा सरल्यावर बी-बटाटेही असेच एकत्र खरेदी करण्यात आले.

१८४८ साली त्यांची बदली जवळच्याच फ्लामर्सफेल्ड येथे झाली. तेथे भूक ओसरली होती, पण कर्ज ओसरले नव्हते. या भागातील लहान शेतकऱ्याची गाय ही त्याची दूधदुभत्याची सोय तर होतीच, शिवाय खताची आणि नांगराचीही होती. ती मेली की तो गुरांच्या व्यापाऱ्याकडे जाई. व्यापारी उधारीवर गाय देई. व्याज जबर, मालकी व्यापाऱ्याची, चारा शेतकऱ्याचा आणि वासरात वाटा! एखादा हप्ता चुकला की गाय परत जाई आणि जमिनीवर बोजा चढे. १८४९ च्या डिसेंबरात रायफायझन यांनी साठ सुस्थितीतील रहिवाशांना एकत्र आणून गरीब शेतकऱ्यांसाठी एक साहाय्यक मंडळ काढले. या साठ जणांनी आपल्या सर्व मालमत्तेनिशी एकमेकांची जामीनकी पत्करली. त्या सामुदायिक पतीवर मंडळाने पैसा उभा केला, गुरे विकत घेतली आणि ती शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्यांनी दिली. लवकरच गुरांच्या जोडीला रोख कर्जही देण्यास सुरुवात झाली.

कामाचा तिसरा टप्पा आला तो हेडेसडॉर्फ येथे. हे गाव ऱ्हाईनच्या काठी, नॉयवीड शहराला लागून होते. १८५२ पासून १८६५ पर्यंत रायफायझन तेथे होते. १८५४ साली त्यांनी तेथे काढलेल्या परोपकारी मंडळाचा पसारा मोठा होता : अनाथ व हेळसांड झालेल्या मुलांची काळजी, बेकारांना काम, सुटून आलेल्या कैद्यांना आधार, वाचनालय आणि कर्जपुरवठा. दहा वर्षांत अनुभव असा आला, की सुखवस्तू सभासदांचा उत्साह हळूहळू मावळतो. ज्याला कर्ज घ्यायचेच नाही, त्याने दुसऱ्याच्या कर्जासाठी आपले घरदार किती दिवस तारण ठेवावे? अखेर १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे कर्जपुरवठा मंडळ नव्या पायावर उभे राहिले. यापुढे कर्ज घेणाराच सभासद असावा आणि सभासदांनी परस्परांची हमी घ्यावी, हा नियम झाला.

ही पायरी नीट समजून घेतली पाहिजे. वायरबुशला श्रीमंतांनी गरिबांना पाव दिला. फ्लामर्सफेल्डला श्रीमंतांनी गरिबांसाठी पत दिली. हेडेसडॉर्फला गरिबांनी एकमेकांना पत दिली. सुमारे अठरा वर्षांत एका माणसाने दानापासून स्वावलंबनापर्यंतचा हा रस्ता चालून पाहिला, आणि तो ग्रंथ वाचून नव्हे, तर प्रत्येक ठिकाणी काय कमी पडते हे पाहून. ते स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. दान हाच खरा धर्म असे त्यांना बराच काळ वाटत होते, आणि तो विचार त्यांनी सहजासहजी सोडला नाही. अनुभवानेच त्यांना सोडायला लावला.

आता कोणीही विचारील, की ज्यांच्यापाशी काही नाही अशा शंभर माणसांची हमी एकत्र केल्याने पत कशी निर्माण होते? शंभर शून्यांची बेरीज शून्यच नव्हे काय? याचे उत्तर गावाच्या लहानपणात आहे. रायफायझन यांचा आग्रह असा, की मंडळाचे क्षेत्र एका धर्मपीठाच्या टापूएवढे, म्हणजे सर्व माणसे एकमेकांना ओळखतील एवढेच असावे. जबाबदारी अमर्यादित. एकाने कर्ज बुडविले तर सर्वांनी आपल्या घरादारानिशी ते फेडायचे. असे असले म्हणजे सभासद करून घेतानाच लोक डोळ्यांत तेल घालून पाहतात. हा कष्टाळू आहे, त्याला कर्ज द्या. तो गाय घ्यायची म्हणून पैसे नेईल आणि गुत्त्यात घालवील, त्याला देऊ नका : ही माहिती शहरातल्या बँकेला हजारो मार्क खर्चूनही मिळाली नसती, ती शेजाऱ्याला फुकट होती. शेजाऱ्याची माहिती हेच या पतपेढीचे भांडवल.

बाकीचे नियम याच मुळातून निघतात. कारभारी मंडळ बिनपगारी. फक्त हिशेबनीसाला मोबदला. नफा सभासदांत वाटायचा नाही. तो न वाटता येणाऱ्या गंगाजळीत टाकायचा, म्हणजे नफ्याच्या लोभाने कोणी धाडसी व्यवहार करणार नाही. कर्ज कशासाठी हवे ते पाहायचे आणि मुदत लांब द्यायची. या शेवटच्या मुद्द्यावर सहकाराचे दुसरे जर्मन प्रवर्तक शुल्झ-डेलिच यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. शुल्झ यांनी १८५० पासून शहरातील कारागीर आणि दुकानदार यांच्यासाठी पतपेढ्या काढल्या होत्या. त्यांचा भर भागभांडवलावर आणि तीन महिन्यांच्या कर्जावर. दुकानदाराचा पैसा तीन महिन्यांत फिरून येतो, हे खरे. पण गाय तीन महिन्यांत आपली किंमत फेडीत नाही आणि शेतकऱ्याचे पीक वर्षातून एकदाच घरी येते. दोघेही आपापल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने बरोबर होते.

परंतु लहान असण्यात एक धोकाही आहे. गारपीट झाली तर ती गावातल्या सगळ्यांच्याच शेतावर होते. सर्वांनाच एका वेळी कर्ज हवे असते आणि ठेव कोणाचीच नसते. म्हणून गावोगावच्या मंडळांना जोडणारी, एकाची शिल्लक दुसऱ्याला पुरविणारी मध्यवर्ती बँक लागते. १८७२ साली नॉयवीड येथे अशी बँक निघाली. १८७७ साली मंडळांचा संघही झाला. १८८८ च्या मार्च महिन्यात रायफायझन वारले, तेव्हा त्यांची दृष्टी पुष्कळच गेलेली होती. उत्तरायुष्यात त्यांचा पत्रव्यवहार आणि लेखन त्यांच्या कन्या अमालिया यांच्या साहाय्याने चाले.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. त्या भागातील गुरांचा व्यापार आणि किरकोळ सावकारी यांत ज्यू कुटुंबे बरीच होती. याचे कारण शतकानुशतके त्यांना जमीन धारण करण्याची आणि कारागिरांच्या संघात शिरण्याची बंदी होती, हे होय. सावकारीच्या दुष्ट रीतीविरुद्धचा राग या जमातीविरुद्ध वळला, आणि खुद्द रायफायझन यांचे लेखनही त्या दोषापासून मुक्त नाही. १९३३ नंतर नाझी सरकारने ग्रामीण सहकारी संस्था आपल्या शेतकी संघटनेच्या जुवाखाली आणल्या. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली. पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. रोग पद्धतीत असतो. तो एखाद्या जातीत आहे असे एकदा म्हटले, की उपाय करणारे हात आगी लावण्याकडे वळतात.

आपल्या दख्खनचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. तेथेही पुष्कळसे सावकार बाहेरून आलेल्या समाजांतले होते. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायद्याने सावकाराचा हात धरला तरी शेतकऱ्याच्या हातात पैसा येत नाही. न्यायमूर्ती रानडे आणि सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना पुढे मांडली होती, ती लंडनच्या मंजुरीअभावी राहून गेली. १८९२ साली मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातील ग्रामीण बँकांचा अभ्यास करण्यास पाठविले. त्यांच्या मोठ्या अहवालाचा निष्कर्ष असा, की हिंदुस्थानला आपला रायफायझन शोधावा लागेल. १९०४ च्या कायद्यात ग्रामीण सोसायट्यांना अमर्यादित जबाबदारीचे तत्त्व लावले गेले, ते सरळ याच वेस्टरवाल्डातून आलेले. आपल्या गावच्या सोसायटीचे कुळ शोधीत गेले, तर वाट वायरबुशच्या भट्टीपर्यंत जाते.

आता त्या गावाची आजची स्थिती पाहू. कारण आपण केवळ एका थोर पुरुषाचे चरित्र पाहण्यास निघालो नव्हतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांच्या ताब्यातील प्रदेशातून १९४६ साली ऱ्हाईनलांड-फाल्झ हे राज्य निर्माण झाले. वायरबुश त्यात आहे. १९४९ च्या जर्मन राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने गावांना आपले स्थानिक कारभार स्वतःच्या जबाबदारीने पाहण्याचा हक्क दिला आहे. गावाला जर्मन भाषेत ‘गेमाइंडे’ म्हणतात. प्रत्येक गेमाइंडेचे निवडून दिलेले मंडळ असते, त्याची मुदत पाच वर्षे. लहान गावांचा प्रमुख मानसेवी असतो. स्वतःची नोकरी किंवा शेती सांभाळून तो हे काम करतो, आणि १९९४ पासून या राज्यात त्याची निवड मतदार थेट करतात.

पण हजार वस्तीचे गाव पाणीपुरवठ्यासाठी इंजिनिअर, हिशेबासाठी लेखापाल आणि शाळेसाठी इमारत खाते स्वतंत्रपणे कसे ठेवणार? हा प्रश्न १९६० नंतरच्या दशकात साऱ्या पश्चिम जर्मनीपुढे आला आणि त्याची दोन उत्तरे दिली गेली. वायरबुशच्या उत्तरेस काही किलोमीटरवर नॉर्डऱ्हाईन-वेस्टफालेन राज्याची सीमा आहे. त्या राज्याने खेडी एकमेकांत विलीन करून मोठ्या नगरपालिका केल्या. सीमेलगतचे विंडेक हे १९६९ साली असेच तयार झाले. आज सुमारे एक कोटी ऐंशी लाख वस्तीच्या त्या राज्यात अवघ्या ३९६ नगरपालिका आहेत. ऱ्हाईनलांड-फाल्झने निराळा मार्ग घेतला. गावे मोडली नाहीत. त्यांचे मंडळ, त्यांचा प्रमुख, त्यांचे अंदाजपत्रक ठेवले, आणि अनेक गावांनी मिळून एक सामाईक कचेरी चालवावी असे १९६८ पासून ठरविले. या संघाला ‘फेरबांड्सगेमाइंडे’ म्हणतात. सुमारे एक्केचाळीस लाख वस्तीच्या या राज्यात आजही जवळजवळ तेवीसशे गावे आपापला कारभार पाहतात.

कामाची वाटणी अशी. गावाकडे गावचे रस्ते, स्मशानभूमी, सभागृह, खेळाची जागा आणि नवी घरे कोठे व कशी बांधावीत याचा आराखडा. संघाकडे प्राथमिक शाळा, पाणीपुरवठा, सांडपाणी आणि अग्निशामक दल. या दलातील जवान गावोगावचे स्वयंसेवकच असतात. संघाच्या वर जिल्हा : तो मोठे जिल्हारस्ते, माध्यमिक शाळा, समाजकल्याण पाहतो. उत्पन्नाची बाजू म्हणजे जमीन व घरे यांवरील कर आणि धंद्यावरील कर. यांचा दर गाव स्वतः ठरविते. शिवाय देशातील आयकराच्या उत्पन्नापैकी पंधरा टक्के वाटा गावांना मिळतो. यातून संघाला आणि जिल्ह्याला वर्गणी द्यावी लागते, आणि ती दिल्यावर पुष्कळ लहान गावांच्या हातात फार थोडे उरते. अधिकार घटनेने दिला, पण पैशाने आखडला, ही तक्रार तेथेही ऐकू येते.

लोकांची संख्या कमी होणे, तरुणांनी कोलोन-बॉनकडे जाणे, गावातले दुकान बंद पडणे ही दुखणीही आहेतच. १ जानेवारी २०२० रोजी आल्टेनकिर्खेन आणि फ्लामर्सफेल्ड हे दोन शेजारी संघ एक झाले. या नव्या संघात साठाहून अधिक गावे असून सर्वांची मिळून वस्ती सुमारे पस्तीस हजार आहे. वायरबुश आणि फ्लामर्सफेल्ड, रायफायझन यांची पहिली आणि दुसरी नेमणूक, आता एकाच कचेरीखाली आली. पतपेढ्यांचेही तेच. १९७० च्या सुमारास पश्चिम जर्मनीत सात हजारांच्या घरात सहकारी बँका होत्या. आज संपूर्ण जर्मनीत त्या सातशेहून कमी उरल्या आहेत. बंद पडल्या असे नव्हे. एकमेकींत विलीन झाल्या. व्यवहार वाढला, पण शेजाऱ्याला ओळखणारा हिशेबनीस गेला.

म्हणजे वायरबुशपुढचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांत फारसा बदललेला नाही. लहान राहावे तर बळ अपुरे पडते. मोठे व्हावे तर ओळख सुटते. आपल्याकडेही हा वाद रंगलेला आहे. १९५४ च्या ग्रामीण पतपाहणी अहवालाने, ज्याच्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते, शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा शेकडा तीनच्या आसपास आहे हे दाखवून मोठ्या सोसायट्यांची शिफारस केली. १९५८ साली राष्ट्रीय विकास परिषदेने गाव हाच पाया मानावा असे ठरविले. १९६० साली वैकुंठभाई मेहता यांच्या समितीने दोहोंच्या मधला मार्ग सुचविला. या वादात वेस्टरवाल्डची साक्ष काढायची तर ती अशी आहे : निर्णय घेणारे तोंड ओळखीचे असावे, आणि त्याच्या पाठीमागचा हात लांब असावा. हाउबेर्गच्या रानात, गावच्या पतमंडळात आणि आजच्या गावसंघात हीच रचना वेगवेगळ्या कपड्यांत दिसते. पहिली गोष्ट सुटली तर संस्था कचेरी होते. दुसरी नसली तर ती पहिल्याच गारपिटीत कोलमडते.

वायरबुशमध्ये भट्टीची आठवण जपलेली आहे. फ्लामर्सफेल्ड येथील रायफायझन यांचे राहते घर आज संग्रहालय आहे. आणि हामपासून नॉयवीडपर्यंत या गावांना जोडणारा, डोंगरातला माल ऱ्हाईनपर्यंत नेण्यासाठी ज्याच्या काही भागाचे काम त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन करविले तो रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो. २०१६ साली युनेस्कोने सहकाराच्या कल्पनेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, तेही जर्मनीच्या प्रस्तावावरून. हे सन्मान योग्यच आहेत. परंतु स्मारके उभारणे सोपे असते. आपल्या गावच्या सोसायटीची वार्षिक सभा भरते तेव्हा किती सभासद अहवाल वाचून येतात, कर्ज कोणाला आणि कशासाठी दिले हे किती जण विचारतात, आणि ग्रामसभेच्या दिवशी किती जण घराबाहेर पडतात, याचा प्रत्येकाने मनाशी हिशेब करावा. शेजाऱ्याची माहिती हे भांडवल आहे खरे. पण तिजोरीत ठेवून ते वाढत नाही, सभेला हजर राहूनच वाढते.